खाडीकडे तोंड केलेला दगड

"हात काढ! काढ तो हात जल्ला, नायतर मिठात पुरीन तुला!"

ही हाक माझ्या मामीची. मिठागराच्या पार पलीकडच्या बांधावरून आलेली. मी वाढवून सांगत नाही, पण त्या हाकेनं वाटेतल्या मिठाच्या राशी खाली बसल्या, तिवरांतले बगळे उडाले ते मागे न बघता मुंब्र्याच्या डोंगरापर्यंत गेले, आणि कल्याणच्या स्टेशनात एक मालगाडी उगाच उभी करावी लागली. ज्याला उद्देशून ती हाक होती तो इंग्रज साहेबाचा पट्टेवाला, हातातली लोखंडी पट्टी दगडाला टेकवलेली ठेवून, स्वतःच दगड होऊन गेला.

आमच्या गावाबाहेर, खाडी आणि तळं यांच्या मधल्या उंचवट्यावर, हा दगड उभा होता. माणसाच्या उंचीचा, वरपासून खालपर्यंत शेंदरानं माखलेला. शेंदराचा थर इतका जाड की आत काय कोरलंय ते गावातल्या जिवंत माणसांपैकी कोणी पाहिलेलं नव्हतं. साहेबाला ते पाहायचं होतं. म्हणून पट्टेवाल्यानं वरून खरवडायला सुरुवात केली होती, आणि त्याची पट्टी खाली खाली येत जिथं पोचली होती तिथं मामीचा हात होता.

खराखुरा हात नव्हे. शेंदरात उमटवलेला पंजा. त्याची हकिकत सांगतो, पण आधी मामी पोचू दे. ती धावत येते आहे. कोपरापर्यंत हात मिठानं पांढरे, लुगड्याचा काष्टा घट्ट मारलेला, आणि हातात मीठ ओढायचं लांब दांड्याचं लाकडी फावडं. तिला पाहून साहेब खुर्चीवरून उठला. साहेब मोठा शिकलेला. मराठी तो पुण्याच्या कुणा शास्त्र्यापाशी बसून शिकला होता, त्यामुळे आम्ही बोलायचो ती मराठी त्याला कळत नसे आणि तो बोलायचा ती आम्हांला. मला तो बरोबर घेऊन हिंडायचा तो यासाठीच. मराठीचं मराठीत भाषांतर करणारा दुभाष्या साऱ्या ठाणे जिल्ह्यात मी एकटाच होतो.

"ही स्त्री किंनिमित्त आक्रोश करीत आहे?" साहेबानं मला विचारलं.

मामी तेव्हा पट्टेवाल्याच्या सात पिढ्यांची विचारपूस करत होती.

"हुजूर, आपल्या आगमनानं तिला आनंद झाला आहे," मी म्हणालो.

साहेबानं फावड्याकडे पाहिलं. "आनंद?"

"फार आनंद झाला की आमच्याकडे असंच करतात."

"भाच्या!" मामी माझ्यावर उलटली. "तू मंधी काय पुटपुटतंस? सांग त्याला. तो माज्या पोराचा दगड हाय!"

आता थोडं मागं जायला हवं.

हे गाव माझं आजोळ. आई मी लहान असताना गेली, बाप तिच्या आधीच, आणि मला वाढवलं मामीनं. तिचं दूध प्यायलो नाही, पण तिच्या शिव्यांवर मी आणि तिचा मुलगा, दोघंही सारखेच पोसलो. पुढे ठाण्याच्या शाळेत अक्षर चांगलं निघालं म्हणून कचेरीत चिकटलो, आणि कचेरीनं मला साहेबाच्या पदरी बांधलं. सरकारच्या मनात तेव्हा आलं होतं की मुलखात जेवढ्या म्हणून जुन्या वस्तू आहेत, देवळं, किल्ले, मशिदी, तळी, कोरीव दगड, त्या सगळ्यांची प्रतवारी लावायची. वर्ग तीन. पहिल्या वर्गाची वस्तू सरकार स्वतः जपणार, डागडुजी करणार, भोवती कुंपण घालणार. दुसऱ्या वर्गाची वस्तू आहे तिथं, आहे तशी राहू द्यायची, फक्त पुढची पडझड होणार नाही एवढं बघायचं. आणि तिसऱ्या वर्गाची वस्तू म्हणजे सरकारनं हात झटकले. पडो, झडो, कोणी तिचे चिरे नेऊन रस्त्याला घालो.

गावागावांतून लोकांनी याचा अर्थ आपापल्या परीनं लावला. आगगाडी येऊन तोवर बरीच वर्षं झाली होती, तेव्हा वर्ग म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे डबेच यायचे. पहिल्या वर्गाचं देऊळ म्हणजे गादीवर बसून जाणारं देऊळ. तिसऱ्या वर्गाचं म्हणजे उभ्यानं जाणारं.

ठाण्याचा कोट, कल्याणचे बुरूज, तळ्याकाठच्या जुन्या मशिदी, मानपाड्याच्या वाटेवरचे पडके चौथरे, सगळीकडे आम्ही फिरलो. साहेब टेप लावायचा, चित्र काढायचा, आणि मग मला विचारायचा की या जागेची दंतकथा काय. दंतकथा प्रत्येक ठिकाणी असतेच असं नाही. पण साहेब इतक्या आशेनं विचारायचा की रिकाम्या हातानं पाठवायला जीव धजत नसे. मग मी एक साप बसवायचा. कधी धनावर, कधी विहिरीत, कधी पिंडीखाली. जिथं चौथऱ्याचे चार दगडच उरले होते तिथंही मी त्या चार दगडांखाली एवढा साप घातला की त्याची शेपटी खाडीपलीकडे निघाली. शेवटी एकदा कल्याणात साहेब चित्र काढता काढता थांबून म्हणाला, "मुनशी, हा सर्प सर्वत्र एकच आहे काय? तो आपल्यासमवेत प्रवास करतो काय?"

"हुजूर," मी म्हणालो, "आपल्याच बैलगाडीत."

तो हसला. माणूस वाईट नव्हता. एवढंच की त्या दिवसापासून माझ्या सापांची किंमत गेली, आणि ती मला नेमकी पुढच्याच मुक्कामाला लागणार होती.

पुढचा मुक्काम आमचं गाव.

माझा मामा मिठागरावरचा मुकादम आणि गावचा म्होरक्या. तळ्याकाठी आमचं एक जुनं दगडी देऊळ होतं. आत देव नव्हता, तो कधीच्या काळी गावात नेऊन नव्या घुमटीत बसवला होता. उरला होता तो नुसता सांगाडा, छप्पर नाही, पण भिंतींवर हत्तींची रांग आणि खांबांवर बायका कोरलेल्या. खाडीपलीकडच्या गावाच्या देवळाला साहेबानं आधीच्या फेरीत पहिला वर्ग दिला होता. तिथला म्होरक्या कल्याणच्या बाजारात मामाला गाठून म्हणाला होता, "आमचा देऊल पयल्या वर्गाचा. तुमचा मालडब्यात घालतील." मामा घरी आला तो जेवलाच नाही. आणि मला काही न कळवता त्यानं साहेबाच्या स्वागताची तयारी केली.

आमच्याकडे मोठा पाहुणा यायचा असला की घराला चुना काढतात. लग्नघर असो, जत्रा असो, आधी चुना. मामानं शिंपल्या भाजून ताजा चुना काढला आणि देवळाचा एक दगड न सोडता तो फासला. खांबांना गेरूचे पट्टे ओढले. कोरलेल्या बायकांच्या ओठांना कुंकू लावलं. आणि हत्तींना, ते आंधळे दिसतात म्हणून, काजळीच्या शाईनं मोठे टपोरे डोळे काढले. वर आंब्याच्या पानांचं तोरण.

साहेब होडीतून उतरला, उंचवटा चढून वर आला, समोर पाहिलं, आणि टोपी काढली. मामाला वाटलं मान दिला. त्यानं माझ्याकडे अभिमानानं पाहिलं. मग साहेब पायरीवर बसला आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं.

"एतत् किम्?" तो म्हणाला. धक्का असा की गडी मराठीतून थेट संस्कृतात गेला.

"काय बोलतो?" मामा कुजबुजला.

"आवडलं म्हणतो," मी म्हणालो. काय सांगणार?

पण साहेबानं मग मराठीत येऊन जे सांगितलं ते मामालाही समजलं. जुनं होतं ते चुन्याखाली गेलं, आणि वर दिसतं आहे ते गेल्या आठवड्यातलं आहे. गेल्या आठवड्यातल्या वस्तूला सरकार वर्ग देत नाही. तृतीय.

"तिसरा?" मामा म्हणाला. "आवो पन चुना तर ताजा हाय!"

तिसरा म्हणजे काय ते गावाला चांगलं माहीत होतं. खाडीवर मालाच्या होड्यांसाठी नवा धक्का बांधायला घेतला होता आणि कंत्राटदाराला दगड हवा होता. तिसरा वर्ग पडला की देऊळ त्याचं.

मामा जाऊन तळ्याकडे तोंड करून बसला तो उठेना. आणि साहेबाला, निदान काही तरी हाती लागावं म्हणून इकडेतिकडे बघत असता, तो शेंदरी दगड दिसला. चुना न लावलेला एकटाच. पुढे काय झालं ते मी सांगितलंच आहे. मामी आली, पट्टी थांबली. पण वरचा अर्धा भाग तोवर उघडा पडला होता. शेंदराचा थर मोठ्या कवचासारखा निघून खाली पडला होता, आणि आत, अरे देवा, आत समुद्र होता. लाटांवर गलबतं, गलबतांत वल्ही मारणारे, कडेला ढालतलवारी घेऊन लढणारे. त्यांच्यावर दोन अप्सरा एका माणसाला दंड धरून वर घेऊन चाललेल्या. सगळ्यात वर चंद्र आणि सूर्य. जुन्या काळी कुणी तरी समुद्रात लढता लढता गेला, त्याची ही आठवण. जन्मल्यापासून मी त्या दगडाला टेकून बसलेलो, त्याच्या पोटात एवढी लढाई चालली आहे हे मला ठाऊक नव्हतं.

साहेबाचा चेहरा मी ओळखला. अशा चेहऱ्यानं तो एकच शब्द म्हणायचा.

"प्रथम," तो म्हणाला. "आणि येथे ठेवणे नाही. मुंबईस संग्रहालयात न्यावा लागेल. ज्या गावाने गजांना नेत्र काढले, ते उद्या या नौकांस हिरवा रंग देईल."

गंमत बघा. तिसरा आला की दगड फुटतो आणि पहिला आला की दगड जातो. इतर गावं पहिल्यासाठी नवस बोलत होती. आम्हांला हवा होता तो मधला.

का हवा होता, ते आता सांगतो.

आमच्या गावात रीत होती. घरचा पुरुष मचव्यावर बसून दर्यात निघाला की घरची बाई, आई असो की बायको, तेल-शेंदरात हात बुडवून या दगडावर पंजा उमटवायची. पुरुष परत आला की घरी जायच्या आधी इथं यायचा, नारळ फोडायचा, आणि त्या पंज्यावर आपला हात ठेवून तो फिरवून टाकायचा. पंजा मिटला म्हणजे माणूस घरात आला. दगडाचं तोंड खाडीकडे ते याचसाठी. भरतीच्या पाण्यावर मचवा वळणाशी आला की गाव दिसायच्या आधी दिसायचा तो हा तांबडा ठिपका. पिढ्यान्‌पिढ्या पंजे उमटले आणि मिटले, त्याचाच तो जाड थर.

मामीचा मुलगा माझ्याहून थोडा मोठा. मी जन्मजात थापाड्या आहे असं लोक समजतात, ते खोटं आहे. ही विद्या मी त्याच्याकडून उचलली, आणि त्याच्या मानानं मी कारकूनच राहिलो. त्यानं म्हणे खाडीत एवढा मासा धरला होता की तो बाहेर काढल्यावर कल्याणच्या तळ्याचं पाणी उतरलं. एकदा तिवरांत त्याला वाघ भेटला. वाघानं त्याच्याकडे चिमूटभर मीठ मागितलं, त्यानं दिलं नाही, तेव्हापासून आमच्याकडचे वाघ अळणी खातात. हे तो मिठागराच्या बांधावर बसून, पाय गाळात सोडून, इतक्या गंभीर तोंडानं सांगायचा की मोठी माणसं काम टाकून उभी राहायची. मामी ओरडायची, "बस झाला, जेवा आता," आणि स्वतःच विचारायची, "मंग वाघ काय बोलला?"

तो मीठ भरलेल्या मचव्यावर मलबाराकडे गेला. निघताना मला म्हणाला, "येताना अशी थाप घेऊन येतो की तू दिवसभर जेवायचा नाहीस."

ती थाप अजून यायची आहे.

बरोबर गेलेल्या मचव्यांपैकी काही परतले. त्याच्या मचव्याचं कोणी खात्रीनं काही सांगितलं नाही. कोणी म्हणालं वाऱ्यानं भरकटला, कोणी म्हणालं तिकडेच राहिला. मामा एकदाच म्हणाला की आता त्याचं क्रियाकर्म करून टाकू. मामीनं त्याला एवढंच सांगितलं की पंजा मिटलेला नाही. आणि तो मिटू नये, उन्हापावसानं फिका पडू नये, म्हणून ती दर अमावास्येला त्याच जागी, तीच बोटं तशीच ठेवून, नवा पंजा उमटवत राहिली. जुन्यावर नवा, नव्यावर नवा. वर्षं गेली. थर वाढत वाढत तो पंजा दगडातून बाहेर आला. मी पैज लावतो, धरून हस्तांदोलन करता आलं असतं. बाकीच्या बायकांचे पंजे आले गेले. हा एक राहिला.

साहेबाचा तंबू तळ्याकाठच्या वडाखाली पडला होता. दिवस कलताना मामी तिथं गेली. फावडं नव्हतं, ओरडणं नव्हतं, हात धुऊन आली होती. साहेब चहा पीत होता. ती तंबूच्या तोंडाशी खाली बसली आणि मला म्हणाली, "मी बोलतंय तसाच सांग. तुजा काय घालू नको."

मग साहेबाकडे बघून बोलली.

"सायबा, माजा पोर दर्यावर गेलाय. येल. येल तवा भरतीला येल, वळनाशी. तिथशी घर दिसत नाय, देऊल दिसत नाय. हा दगड दिसतो. तू तो मुंबयला नेलास तर तो वळनाशी येल, बघंल, आन् बोलंल, ह्यो आपला गाव नाय. आन् फुडं निघून जाईल."

मी ते साहेबाला सांगितलं. जसंच्या तसं. आयुष्यात मी कुणाचं बोलणं न वाढवता पोचवलं असेल तर ते एवढंच. त्यात घालायला माझ्याकडे काही नव्हतं. शेवटचं वाक्य सांगताना मलाच वळणावरून निघून जाणारा मचवा दिसला, आणि त्यावर पाठमोरा बसलेला तो.

साहेबानं कप खाली ठेवला. चहा निवला.

"मातेचे दुःख मजला समजते," तो अखेर म्हणाला. "परंतु पाषाण दुःखाने टिकत नाही. त्यास निगा लागते. ती येथे नाही. देऊळ आपण पाहिलेच."

मामीनं मला विचारलं, "काय बोलला?"

मी तिला हातानंच थांब म्हटलं. माझं डोकं चालू झालं होतं. खरं सांगून झालं होतं, आणि खऱ्यानं काम भागलं नव्हतं. आता माझी पाळी होती.

"हुजूर," मी म्हणालो, "निगा आहे."

"कोठे?"

"तो शेंदूर आपण भक्ती समजलात. भक्ती वरवरची. तो लेप आहे. पूर्वीच्या एका राजानं हा दगड इथं बसवला तेव्हा त्याच्या पाथरवटांनी गावाला सांगून ठेवलं की खाडीचा खारा वारा दगड खातो, तर याच्या अंगावर तेल आणि शेंदूर कधी सुकू देऊ नका. हे काम त्यांनी गावच्या बायकांकडे दिलं. पुरुष विसरतात, हुजूर. तेव्हापासून आमच्या बायका सरकारी काम करत आल्या आहेत. पगाराशिवाय."

मामा तेवढ्यात मागून येऊन उभा राहिला होता. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू त्या राजाच्या लग्नात तो स्वतः जेवून आला होता.

साहेबानं डोळे बारीक केले. "आणि सर्प?"

"साप नाही, हुजूर."

"लेपाखाली? पाषाणाखाली? राजाच्या समाधीत?"

"या गोष्टीत साप नाही."

साहेब माझ्याकडे बघतच राहिला. मला वाटतं त्याला पटलं असेल तर ते साप नव्हता म्हणूनच.

सकाळी तो एकटाच उठून हातात भिंग घेऊन गेला. मी मागोमाग. त्यानं आधी देवळाच्या भिंतीवर एका ठिकाणचा चुना खरवडला. खाली हत्ती होता, पण काय हत्ती! सोंड झिजून गेलेली, कपाळ बोटानं चुरा होईल असं. खांबावरच्या बायकांना नाकं उरली नव्हती, मामानं कुंकू लावलेले ओठ अंदाजानंच लावले होते. मग तो दगडाकडे आला आणि कवच निघालेल्या भागावर भिंग धरून गुडघ्यांवर बसला. बसला तो उठेना. मग मला खूण करून भिंग माझ्या हाती दिलं.

मी पाहिलं. वल्ही मारणाऱ्यांची नखं दिसत होती. एकाच्या दाढीचे केस वेगवेगळे दिसत होते. कुणी कालच कोरून, हात झाडून, जेवायला गेल्यासारखं. तीच खाडी, तोच वारा, आणि मधे एवढ्या बायकांच्या हातांचं तेल.

माझी थाप खरी निघाली होती. असा अपमान माझा पूर्वी कधी झाला नव्हता.

"द्वितीय," साहेब उठत म्हणाला. "प्रथम लिहिला तर कुंपण येईल, आणि कुंपणाच्या बाहेरून लेप कसा लावणार? जागीच ठेवावा. पुढील हानी होऊ देऊ नये. लेप पूर्ववत चालू ठेवावा." गुडघे झाडत त्यानं विचारलं, "मुनशी, तो राजा कोणता?"

"शोध चालू आहे, हुजूर."

"चालू ठेवावा," तो म्हणाला, आणि हसू लपवायला त्यानं टोपी घातली.

देवळाचा तिसरा वर्ग मात्र हलला नाही. मामानं साहेबाचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले, चुना धुऊन काढतो म्हणाला; पण धुऊन काय निघणार होतं? सुगी संपल्यावर गाड्या आल्या. चिरे धक्क्याला गेले. कंत्राटदाराच्या गवंड्यानं एक हत्ती, गमतीनं की चुकून कोण जाणे, तोंड बाहेर ठेवून बसवला. काजळीचा डोळा त्याला कितीतरी वर्षं होता. भरती आली की पाणी त्या डोळ्यापर्यंत यायचं आणि तो बुडताना आपल्याकडे बघतोय असं वाटायचं. मामा पुढे रोज संध्याकाळी धक्क्यावर त्या हत्तीच्या डोक्यावर बसायचा. खाडीपलीकडच्या गावाचं कोणी उतरलं की म्हणायचा, "तुमचा देऊल कुंपनात हाय. आमचा दर्या बघतो." पण ते लोक गेले की त्याचा हात खाली जाऊन त्या हत्तीचं कपाळ चाचपत राहायचा.

आता ना मामा आहे ना मामी. खाडी गाळानं भरत चालली आहे, मोठे मचवे वळणापर्यंत येतच नाहीत, आणि माल सगळा आगगाडीनं जातो. पंजे उमटवायला बायका नाहीत, कारण निघायला पुरुष नाहीत. दगड जागेवर आहे. मी ठाण्याहून जातो तेव्हा त्याला टेकून बसतो, आणि पाणी चढायला लागलं की माझे डोळे आपसूक वळणाकडे जातात. म्हातारा झालो तरी ते काही थांबत नाही. मी इतक्या थापा गोळा करून ठेवल्या आहेत त्याच्यासाठी, एकेक अशी की तो हरला असता. पण ऐकणारा तोच हवा. पंजा अजून आहे. त्यावर दुसरा कोणी उमटवत नाही. मी फक्त तेल घालतो. तेल घातलेलं पुरुषाला चालतं.

पण मला थांबायचं आहे ते त्याच दिवशी. साहेबानं दुसरा वर्ग म्हटला आणि मी उंचवट्यावरून जो धावत सुटलो तो मिठागरात मामीपुढे जाऊन थांबलो. ती फावड्यानं मीठ ओढत होती. मी धापा टाकत सांगू लागलो. दुसरा वर्ग म्हणजे काय, तर हा दगड आता राणीच्या राज्यात कुणाच्या बापाला हलवता येणार नाही. विलायतेत मोठ्या कचेरीत याचं चित्र लागणार. लाटसाहेब येईल तो आधी या दगडाला टोपी काढणार, मग गादीवर बसणार. आणि मामी, तुझा हात, तुझा हा हात, सरकारच्या कागदात लेप म्हणून चढला, आजपासून तू सरकारी माणूस!

मामीनं फावडं थांबवलं नाही. रास नीट लावून घेतली. मग एकदा उंचवट्याकडे पाहिलं, तांबडा ठिपका जागेवर होता.

"दगड इथंच ना?"

"इथंच, मामी. कायमचा."

"मंग ठान्याशी येशील तवा तेल घेऊन ये," ती म्हणाली. "संपत आलाय."